अमर कहाणीत हरवलेला डॉक्टर

सोलापुरात कुणालाही विचारा, "डॉक्टर कोटणीस कोण?" उत्तर चटकन येईल. ते आपल्या गावचे, चीनमध्ये गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथेच वारले. मग आणखी एक प्रश्न विचारा: "कशाने वारले?" या प्रश्नाला मला अनेकदा एकच उत्तर मिळाले आहे: "प्लेगने. तिकडे साथ आली होती ना!" हे उत्तर इतिहासातले नाही. ते व्ही. शांतारामांच्या चित्रपटातले आहे. १९४६ साली पडद्यावर आलेल्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'ने आमच्या गावच्या या डॉक्टरला अमर केले खरे. पण अमर करता करता त्याच्यातला डॉक्टर मात्र कुठेतरी हरवून टाकला, अशी माझी तक्रार आहे.

फराळाचे ताट पुढे असताना जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे परीक्षण कशाला, असे वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु जुना चित्रपट म्हणजे जुने वर्तमानपत्र नव्हे. वर्तमानपत्र रद्दीत जाते. चित्रपट डोक्यात राहतो. डॉक्टर म्हणजे कोण, त्याचा मोठेपणा कशात, त्याच्याकडून आपण काय अपेक्षा करावी, याचे एक चित्र या आणि अशाच कलाकृतींनी आपल्या मनात काढून ठेवले आहे. ते चित्र तपासायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. घरातली सगळी माणसे एकत्र असतात, आणि त्यांतल्या एखाद्याला डॉक्टर व्हायचे असतेच!

आधी हकीकत पाहू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेला हा अनुभवी माणूस. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून बोट सुटली. कोटणिसांना तेव्हा अठ्ठाविसावे सरायचे होते.

चीनमध्ये पोहोचून फार दिवस झाले नाहीत तोच वडील गेल्याची बातमी आली. परत फिरायला यापेक्षा सबळ कारण कोणते? ते परतले नाहीत. येनानहून ते उत्तरेकडे, आघाडीच्या मुलखात गेले. तिथे नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यविशारद काम करीत होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगात भिनून तो नोव्हेंबर १९३९ मध्ये वारला होता. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी तिथल्या परिचर्येच्या शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इन्हुआ. 'इन्' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी यावर १९४४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे त्याचे नाव. म्हणजे 'आणि एक जण परत आला नाही'. त्याच्या आधाराने अब्बास आणि व. पु. साठे यांनी पटकथा लिहिली. दिग्दर्शन शांतारामांचे, नायकाची भूमिका त्यांचीच, चिंग लान झाल्या जयश्रीबाई, संगीत वसंत देसाई यांचे.

चित्रपटाचे श्रेय मी नाकारीत नाही. स्वातंत्र्य अजून उंबरठ्यावर होते. अशा वेळी सोलापूरसारख्या गिरणगावातला एक पोरगा दुसऱ्या देशाच्या दुःखासाठी घर सोडतो, ही गोष्ट पडद्यावर मांडण्याचे धैर्य शांतारामांनी दाखवले. प्रेक्षकांना चीन ठाऊक नव्हता. त्यांनी तो आपल्या कलाकारांच्या चेहऱ्यांतून आणि नेपथ्यातून उभा केला. वडिलांच्या भूमिकेतले केशवराव दाते पाहावेत. मुलाला निरोप देणारा बाप कसा असतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. हा चित्रपट नसता तर कोटणिसांचे नाव सोलापूरच्या वेशीबाहेर किती जणांना ठाऊक असते, याची मला शंकाच आहे. उपकार आहेत, ते मानलेच पाहिजेत.

पण उपकार मानून झाल्यावर हिशेबही मागितला पाहिजे. चित्रपटातल्या कोटणिसांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे प्लेगच्या भयंकर साथीवर मिळवलेला विजय. आणि त्याच साथीची झळ त्यांच्या जिवाला लागते. खऱ्या कोटणिसांना नेले ते अपस्माराने. पटकथाकारांनी हा बदल का केला असेल, हे समजण्यासारखे आहे. नाटकाला असे मरण हवे असते, की जे नायकाच्या कर्तव्यातूनच उगवते. प्लेगने मेलेला डॉक्टर हुतात्मा वाटतो. फेफऱ्याने गेलेला माणूस मात्र प्रेक्षकांना नुसता आजारी वाटतो. प्लेगला वीरश्री आहे. फेफऱ्याला आपल्या समाजात लाज आहे.

आणि इथेच मला हा बदल नुसता नाटकी सोयीचा वाटत नाही, तो नुकसानकारक वाटतो. अपस्मार आपल्या घरांत कसा वागवला जातो, हे काय सांगावे लागते? मुलीला आकडी येते हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या लावल्या जातात. झटका आला की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरली जाते. लग्न जमवताना ही गोष्ट झाकली जाते आणि मग जन्मभर धाकात काढावा लागतो. कायद्यानेही या लाजेला आपला शिक्का दिला होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या जोडीला अपस्माराचे वारंवार येणारे झटके हेही विवाहाच्या आड येणारे कारण म्हणून बसले होते. ते १९९९ साली निघाले! आणि या रोगावर औषध नव्हते असेही नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. फेनिटॉइनचा गुण १९३८ साली, म्हणजे कोटणिसांची बोट सुटली त्याच वर्षी, सिद्ध झाला होता. चहूकडून कोंडलेल्या त्या डोंगरी मुलखात औषधांचाच दुष्काळ होता, हे कोटणिसांचे दुर्दैव.

आता असा चित्रपट डोळ्यांसमोर आणा. एक शल्यविशारद आहे. त्याला झटके येतात. त्यांचा अर्थ काय, हे तो इतर कुणाहीपेक्षा जास्त जाणतो, कारण तो स्वतः डॉक्टर आहे. त्याला बायको आहे, तान्हे मूल आहे. तरी सकाळी उठून तो रुग्णालयात जातो, विद्यार्थ्यांना शिकवतो. साथीशी झुंजणाऱ्या वीरापेक्षा हा माणूस मला तरी मोठा वाटतो. आणि असा चित्रपट १९४६ साली सोलापुरात लागला असता, तर कितीतरी घरांच्या बंद खिडक्या उघडल्या असत्या. "कोटणिसांनाही हेच होते," असे एखाद्या आईने आपल्या मुलाला सांगितले असते. ते वाक्य आपल्याला मिळाले नाही. त्याऐवजी प्लेग मिळाला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण ती वैद्यकीच्या धंद्याशी आणि त्यातल्या पुढारपणाशी थेट निगडित आहे. चरित्रकार आवर्जून सांगतात, की १९४० च्या धुमश्चक्रीत कोटणिसांनी झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण याच माणसाने चिनी भाषा शिकून घेतली, त्या भाषेत शिकवले आणि शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. मृत्यू आला तेव्हा त्याच्या हातचे लेखन अपुरेच होते. या गोष्टीला टाळी पडत नाही. पुस्तक लिहिणारा माणूस पडद्यावर काय दिसणार? टेबल, दिवा आणि खाली घातलेली मान!

परंतु थोडा विचार करा. दोन हातांनी एक डॉक्टर किती माणसे वाचवील? तो ज्यांना शिकवील ते किती वाचवतील? लढाईच्या मुलखात शल्यविशारद मूठभर, जखमी हजारो. अशा ठिकाणी खेड्यातल्या पोरांना हाताशी धरून त्यांच्याकडून जखम धुणे, हाड बसवणे, रक्त थांबवणे ही कामे नेमकी करून घेणे, हीच खरी शस्त्रक्रिया. आणि आपण नसतानाही ती कामे नीट व्हावीत म्हणून ती लिहून ठेवणे, याला मी वैद्यकीतले पुढारपण म्हणतो. कोटणिसांना संचालक केले ते काही ते मरायला तयार होते म्हणून नव्हे. माणसे घडवून संस्था चालवणे त्यांना साधत होते म्हणून.

हे पडद्यावर दाखवता येत नाही, हा बचाव मला पटत नाही. १९३६ साली हॉलिवुडने लुई पाश्चरवर चित्रपट काढला, १९४३ साली मादाम क्युरीवर. वर्षानुवर्षे एकच द्रव आटवीत बसलेली बाई पाहायला लोकांनी गर्दी केली. काम हे नाट्य असू शकते. फक्त ते काम समजून घेण्याची दिग्दर्शकाची तयारी हवी. शांताराम हे मूळचे कसबी माणूस. स्टुडिओतल्या प्रत्येक कामाची त्यांना जाण होती. त्यांच्यासारख्या कारागिराने दुसऱ्या कारागिराचे हात दाखवू नयेत, आणि त्याचा ऊर तेवढा भरून आलेला दाखवावा, याचे मला नवल वाटते.

तिसरी गोष्ट शेवटाची. चित्रपटाच्या अखेरीस चिंग लान मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. मरणाऱ्या नवऱ्याने तिला त्या घराचे वर्णन सांगितलेले असते, आणि ते जसेच्या तसे तिच्यापुढे उभे राहते. थिएटरातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले असतील, यात शंका नाही. पण खऱ्या ग्वो चिंगलान सासरी नांदायला आल्या नाहीत. त्या आपल्या देशात राहिल्या आणि २०१२ साली वारल्या. भारतात त्या आल्या त्या पाहुण्या म्हणून. इन्हुआही वडिलांच्या वाटेने वैद्यकी शिकत होता. शिक्षण पुरे होण्याआधीच तो १९६७ साली गेला. चित्रपटाने एका शिकलेल्या, शिकवणाऱ्या, युद्धात उभ्या राहिलेल्या बाईला शेवटी आपल्या देवघरासमोर सून म्हणून आणून बसवले. डॉक्टरचा हुतात्मा झाला, नर्सची सून झाली. दोघांचेही काम मात्र पडद्याबाहेर राहिले.

आणि अब्बासांच्या पुस्तकाचे नाव पाहा. एक परत आला नाही. मग जे चार परत आले त्यांचे काय? डॉ. बसू १९४३ पर्यंत येनानमध्ये राबले. पुढे कलकत्त्यात त्यांनी ॲक्युपंक्चरची विद्या रुजवली. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. जिवंत परत येण्याची शिक्षा म्हणायची ही! आपल्याला डॉक्टर आवडतो तो मेलेला. जिवंत डॉक्टरच्या दारात मात्र आपण बिलाची चौकशी करीत उभे असतो.

मग डॉक्टर स्वतः आपल्या धंद्याबद्दल काय म्हणतात? सुदैवाने मराठीत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. सत्तरच्या दशकात डॉ. अरुण लिमये यांचे 'क्लोरोफॉर्म' आले आणि पांढऱ्या डगल्याआडचे गैरप्रकार एका डॉक्टरनेच चव्हाट्यावर मांडले. त्यानंतर चार दशकांनी डॉ. अरुण गद्रे यांनी देशातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांचे म्हणणे मांडले. मराठीत ते 'कैफियत: प्रामाणिक डॉक्टरांची' या नावाने आले. त्यात रोगी पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन आहे, गरज नसताना करवलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया आहेत, औषध कंपन्यांची मेहेरबानी आहे, मोठ्या रुग्णालयांनी डॉक्टरांच्या गळ्यात बांधलेले उत्पन्नाचे आकडे आहेत.

या दोन पुस्तकांत काळाचे अंतर आहे, पण दुखणे एकच आहे. चांगला डॉक्टर एकटा पडतो. शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगणाऱ्याकडचा रोगी उठून दुसऱ्याकडे जातो. कमिशन नाकारणाऱ्याकडे कुणी रोगी पाठवीत नाही. गद्रे यांच्या पुस्तकाचे नावच पाहा ना. कैफियत हा शब्द आपण दाद मागणाऱ्यासाठी वापरतो. प्रामाणिक माणसाला आपली कैफियत मांडावी लागावी! पुस्तक म्हणून या लेखनाला एक मर्यादा आहे, ती म्हणजे तक्रारीचा सूर. रोग नेमका सांगितला जातो, पण निरोगी वैद्यकी रोजच्या दिवसात कशी दिसते, हे वाचकाला क्वचितच पाहायला मिळते. हुतात्म्याची गोष्ट आणि गैरप्रकाराची गोष्ट, या दोहोंच्या मधली, साध्या चांगल्या डॉक्टरची गोष्ट मराठीत अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

असे डॉक्टर नसतात असे मात्र नाही. माझ्या लहानपणी आमच्या पेठेत एक होते. लाल मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोस दाखवणारी कातरलेल्या कागदाची पट्टी, आणि बाकावर बसलेली अर्धी गल्ली. मागवाल्याशी ते तेलुगूत बोलत, अक्कलकोटकडून आलेल्या म्हातारीशी कानडीत, आमच्याशी मराठीत. रोग्याची भाषा येणे हे त्यांना औषधाइतकेच आवश्यक वाटे. कंपाउंडरला त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती: कोणत्या रोग्याला बाकावर न बसवता थेट 'सिव्हिल'मध्ये पाठवायचे. एके दिवशी ते गावाला गेले असताना त्या कंपाउंडरने एका बाळंतिणीला टांग्यात घालून वेळेवर पोहोचवले. डॉक्टर गावात नव्हते, पण त्यांची वैद्यकी गावात होती. कोटणिसांच्या अपुऱ्या पाठ्यपुस्तकाचे महत्त्व मला कळते ते या टांग्यामुळे.

हुतात्म्याच्या चित्राची किंमत आज कोण मोजतो, तेही पाहू. सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयात केवळ सोलापूरचेच नव्हे तर धाराशिवचे, सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीचे रोगी येतात. अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात पंचविशीतली पोरे रात्र रात्र जागतात. त्यांच्यापुढे आलेला नातेवाईक मनात देवाचे चित्र घेऊन येतो. देव हा हरत नसतो. म्हणून रोगी दगावला की हार घालणारे हातच दगड उचलतात. २०१० साली महाराष्ट्राला डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळे आले. डॉक्टरला माणूस म्हणून पाहायला आपल्याला कुणी शिकवलेच नाही. जो चित्रपट एका डॉक्टरचा आजारसुद्धा सहन करू शकला नाही, तो त्याचे अपयश आपल्याला काय सहन करायला शिकवणार?

शांतारामांचा चित्रपट पुन्हा पाहू नका, असे मी म्हणत नाही. जरूर पाहा. पण सुटीत मुलांना घेऊन भैय्या चौकातले कोटणिसांचे स्मारक पाहायला गेलात, तर तिथे उभे राहून त्यांना दोन गोष्टी सांगा. त्यांना अपस्मार होता आणि तो असतानाही ते काम करीत होते, ही एक. दुसरी ही, की ते गेले तेव्हा त्यांच्या मागे शल्यचिकित्सेचे अर्धे लिहिलेले पुस्तक होते, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले जात होते ते विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी जखमींच्या पट्ट्या बदलायला हजर होणार होते.